योजनेमुळे झाले, की पावसामुळे?
रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
तथा सदस्य सचिव, जिल्हा नियोजन समिती,
अलिबाग

विषय : योजनांच्या टप्प्यांचा क्रम सोडतीने ठरवण्याबाबत आणि वाट पाहणाऱ्या गावांचीही नोंद ठेवण्याबाबत

महोदय,



आपल्या जिल्ह्यात योजनांचा पैसा टप्प्याटप्प्याने येतो. पहिल्या टप्प्यात काही गावे बसतात, बाकीची पुढच्या वर्षावर जातात. निधी मर्यादित आहे, तेव्हा हे टळणारे नाही. माझी मागणी एवढीच आहे, की सारख्याच गरजेच्या गावांमध्ये आधी कोण आणि नंतर कोण हे जाहीर सोडतीने ठरवा, आणि ज्यांचा नंबर लागला नाही त्या गावांतही तेवढ्याच काळजीने मोजमाप करा. यात खर्च फारसा वाढत नाही. मात्र आज ज्याचे उत्तर कोणत्याही फाइलीत सापडत नाही, त्या प्रश्नाचे उत्तर मिळू शकते: आपण जे केले, त्याने खरोखर काय झाले?

कार्यालयांच्या अहवालांत काय असते ते आपण रोज पाहता. तरतूद किती, खर्च किती, लाभार्थी किती, उद्दिष्टाच्या किती टक्के काम झाले. फार तर मागच्या वर्षीचा आकडा आणि त्याशेजारी यंदाचा. यंदाचा चांगला असेल तर योजना यशस्वी. पण त्या वर्षभरात पाऊस पडलेला असतो, बाजारभाव हललेले असतात, कुठे पूल सुरू झालेला असतो, कुठे माणसे गाव सोडून गेलेली असतात. या सगळ्यांचा परिणाम त्या एका आकड्यात मिसळलेला असतो आणि श्रेय मात्र योजनेला मिळते. कधी उलटेही होते. चांगली योजना वाईट वर्षात सापडते आणि निकामी ठरून बंद पडते.

राज्यातले सर्वांत मोठे उदाहरण जलयुक्त शिवार अभियानाचे. ते डिसेंबर 2014 मध्ये सुरू झाले. 2014 आणि 2015 ही दोन्ही वर्षे दुष्काळाची गेली. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्यानंतरचा पावसाळा चांगला झाला, विहिरी भरल्या, आणि भरलेल्या विहिरींचे फोटो योजनेच्या यशाचा पुरावा म्हणून फिरले. सप्टेंबर 2020 मध्ये कॅगचा अहवाल विधिमंडळापुढे आला. सुमारे 9,634 कोटी रुपये खर्च होऊनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजलपातळी वाढण्यावर फारसा परिणाम दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मग आरोप झाले, प्रत्यारोप झाले, चौकशी लागली, आणि काही वर्षांनी अभियानाचा दुसरा टप्पाही आला. या सगळ्या वादात एक साधी तुलना मध्यवर्ती असायला हवी होती: तेवढाच पाऊस पडलेल्या, तसाच खडक असलेल्या, पण योजना न पोचलेल्या गावांतल्या विहिरींचे काय झाले? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, म्हणजे मोजण्याची सोय होती. गावे निवडतानाच तुलनेचा विचार झाला नाही, ही खरी उणीव. त्यात योजनेसाठी गावे निवडली गेली ती टंचाईची. वाईटात वाईट वर्षी निवडलेले गाव पुढे पाऊस नेहमीसारखा झाला की आपोआपच थोडे वर येते. योजनेचा वाटा त्यातून वेगळा काढायचा तर शेजारी दुसरे तसेच गाव हवे.

कोकणात एवढा पाऊस पडतो, आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेते. कातकरी वाडीवरच्या अंगणवाडीत दर महिन्याला मुलांची वजने होतात. समजा, ऑक्टोबरात यादीत 40 मुले आहेत आणि त्यांतली आठ सॅम किंवा मॅममध्ये, म्हणजे तीव्र किंवा मध्यम कुपोषित. वीस टक्के. दिवाळी होते, घरोघरी वीटभट्टीची उचल घेतलेली असते, आणि 15 मुले आईबापांबरोबर भट्टीवर निघून जातात. जी घरे सर्वांत अडचणीत, तीच आधी निघतात, म्हणून त्या आठांतली पाच या 15 मध्ये आहेत. जानेवारीत सेविका काट्यावर उरलेल्या 25 मुलांना उभे करते. त्यांत कुपोषित तीन. बारा टक्के. गेलेल्या मुलांच्या नावांपुढे 'स्थलांतरित' एवढा शेरा पडतो. एकाही मुलाचे वजन एक ग्रॅमने वाढलेले नाही, तरी वाडीचे कुपोषण वीसवरून बारा टक्क्यांवर आलेले दिसते. सेविकेने काहीही खोटे लिहिलेले नाही. याच महिन्यांत त्या वाडीवर एखादी आहार योजना सुरू असेल, तर हे आठ टक्के तिच्या नावावर जमा होतील. आणि जूनमध्ये भट्टीवरून खंगून परतलेली मुले पुन्हा यादीत आली, की तीच योजना अपयशी ठरेल. मुलांच्या जिवाशी गाठ असलेली गोष्ट आपण अशा आकड्यांवर सोपवली आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे उदाहरण पांढऱ्या कांद्याचे. 2022 मध्ये अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली आणि तालुक्याला आनंद झाला. पण मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली होती, टाळेबंदी उठल्यावर पर्यटक लोटले, आणि जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. कांद्याच्या माळेला आज जो भाव मिळतो, त्यातला मानांकनाचा वाटा किती आणि शनिवार-रविवारच्या गाड्यांचा किती? हे शोधणे अवघड नाही. वडखळ-अलिबाग रस्त्यावर जी बाई माळा विकते, तिच्याच टपरीवर वाल असतो, चिंच असते. गिऱ्हाईक तेच, रस्ता तोच. मानांकन नसलेल्या मालाचा भावही कांद्याइतकाच चढला असेल, तर ती करामत गाड्यांची. कांदाच वेगळा चढला असेल, तर मानांकनाला श्रेय द्यावे आणि पुढच्या पिकासाठी जोर लावावा. हंगामभर दर आठवड्याला दहा-वीस टपऱ्यांवर भाव टिपून ठेवले, तर एवढे कळते. मात्र मानांकनाच्या आधीपासून ती नोंद असायला हवी होती. पुढच्या वस्तूचा प्रस्ताव जाईल, तेव्हा तरी ती आधी सुरू करा.

या विचाराला अर्थशास्त्रज्ञ कार्यकारण अनुमान म्हणतात. त्याचा गाभा एका प्रश्नात आहे: हे केले नसते, तर याच गावाचे काय झाले असते? ते कधीच डोळ्यांना दिसत नाही, कारण गाव एकच असते आणि त्यात योजना झालेली असते. म्हणून त्याच्यासारखे दुसरे शोधावे लागते, आणि त्याचे मोजमाप पहिल्याबरोबरच सुरू करावे लागते.

ही शिस्त अलिबागला शंभर वर्षांहून जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईची ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार हे स्पष्ट झाले. त्या वेळचे संचालक नानाभाई मूस यांनी नवी वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला उभारली. तिच्या इमारतीत लोखंड वापरले नाही, कारण त्याचाही परिणाम नोंदींवर झाला असता. पण जागा बदलली आणि आकडा बदलला, तर तो जागेमुळे बदलला की पृथ्वीमुळे, हे कसे ठरणार? म्हणून 1904 ते 1906 अशी दोन वर्षे कुलाब्याची आणि अलिबागची अशा दोन्ही ठिकाणच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या. दोन जागांमधला फरक आधी नीट कळला आणि मगच जुनी मालिका नव्या मालिकेला जोडली. आज जगभरचे शास्त्रज्ञ ती अखंड मालिका वापरतात. मी आपल्याकडे मागते आहे ती हीच सवय, फक्त माणसांच्या योजनांसाठी.

माणसांच्या बाबतीत हे महाराष्ट्रात झालेले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे काम उभे केले. गावातल्याच बाईला श्वास मोजायला, बाळाला ऊब द्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला शिकवले. दुसऱ्या 47 गावांत नेहमीच्या सरकारी सेवा चालू होत्या आणि 'सर्च'ने तिथे जन्म-मृत्यूची नोंद तेवढ्याच काटेकोरपणे ठेवली. 1993 पासून आधी दोन वर्षे केवळ मोजणी झाली, मग काम सुरू झाले. तिसऱ्या वर्षाअखेर तुलनेने नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ती 47 गावे मोजली नसती, तर मृत्यू रस्ते झाले म्हणून घटले की लसी आल्या म्हणून, असा वाद आजही चालू राहिला असता. आज चौल-रेवदंड्याची आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत जाते. तिच्या त्या पायपिटीचे मूळ गडचिरोलीच्या तुलनेत आहे.

मुंबईत 'प्रथम' या संस्थेने महापालिकेच्या शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच एक तरुण मुलगी, मागे पडलेल्या वीसेक मुलांना रोज दोन तास वेगळे घेऊन बसायची. कोणत्या शाळेतल्या कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची हे चिठ्ठीने ठरले, म्हणून दोन्हीकडच्या मुलांच्या गुणांची तुलना विश्वासाने करता आली. मुले शिकली, आणि सर्वांत मागची मुले सर्वांत जास्त शिकली. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. पुढे 2019 मध्ये मायकेल क्रेमर यांच्याबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच पद्धतीच्या कामासाठी.

सोडत ही तर आपल्या प्रशासनाच्या अंगवळणी पडलेली गोष्ट. सरपंचपद कोणत्या गावात महिलांसाठी राखीव, हे तहसील कार्यालयात सगळ्यांसमोर शाळकरी मुलाच्या हाताने चिठ्ठी काढून ठरते. कोणी कुरकुरले तरी निकाल मानला जातो. आणि चिठ्ठीने ठरले म्हणूनच त्यातून ज्ञानही मिळाले. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात राखीव आणि खुल्या पंचायतींची तुलना केली, तेव्हा महिला प्रमुख असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्याची कामे जास्त झालेली दिसली. मुंबई महापालिकेच्या प्रभागांवर रिखिल भवनानी यांनी अभ्यास केला. आधीच्या निवडणुकीत प्रभाग महिलांसाठी राखीव होता, तर आरक्षण उठल्यानंतरही तिथून महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. म्हाडाच्या घरांची सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या अर्जदारांची तुलना तनू कुमार यांनी केली आणि घर मिळाल्याचा परिणाम मुलांच्या शिक्षणापासून स्थानिक राजकारणातल्या सहभागापर्यंत शोधला. या सोडती अभ्यासासाठी काढलेल्या नव्हत्या. न्यायासाठी काढल्या होत्या आणि ज्ञान त्यासोबत आले. रायगडमध्ये आपण दोन्ही हेतू धरून सोडत काढू शकता.

यावर पहिला आक्षेप येईल तो माणुसकीचा: प्रयोगासाठी गरिबाला ताटकळत का ठेवायचे? आक्षेप गंभीर आहे. माझे उत्तर असे, की ताटकळणे आजही आहेच. फक्त आज कोणाचा पुढारी जवळचा, कोणाचा प्रस्ताव आधी पोचला, कोणती वाडी डांबरी रस्त्यालगत, यावर क्रम लागतो. डोंगरावरची वाडी त्यात नेहमी शेवटी. सोडतीत तिला निदान बरोबरीची संधी मिळते. आणि काही मर्यादा पक्क्या पाळाव्यात. लसीकरण, बाळंतपणाची सेवा, जिवावर बेतलेला आजार यांत सोडत नको. ज्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे, ते सगळ्यांना द्या. जिथे गरज उघडपणे जास्त, तिथे आधी द्या. सोडत फक्त सारख्या गरजेच्या गावांमध्ये, आणि ज्या उपायाचा परिणाम अजून माहीत नाही अशा उपायासाठी. मेक्सिकोने 1997 मध्ये हेच केले. मुलांना शाळेत आणि दवाखान्यात पाठवणाऱ्या गरीब आयांना रोख मदत द्यायची होती. अभ्यासासाठी घेतलेल्या 506 गावांपैकी 320 गावे सोडतीने आधी आणि 186 नंतर घेतली. मदत दोन्ही गटांना मिळाली, फरक फक्त वेळेचा. त्या फरकातून योजनेचा गुण सिद्ध झाला. 2000 मध्ये तिथे सत्ता बदलली, तरी नव्या सरकारने ती गुंडाळली नाही, उलट वाढवली. चांगल्या योजनेला सरकार बदलल्यावर टिकून राहायला पुराव्याइतका आधार दुसरा नसतो.

सगळीकडे सोडत जमणार नाही, हेही खरे. लाडकी बहीण योजना जुलै 2024 पासून राज्यभर एकदमच लागू झाली. तिथे टप्पे नव्हतेच. तरीही वयाची अट 21 ते 65 आहे. चौसष्ट वर्षांची बाई आणि सहासष्ट वर्षांची बाई यांच्यात एरवी फार फरक नसतो. एकीला दीड हजार मिळतात, दुसरीला नाही. त्या दोघींच्या औषधपाण्याचा खर्च, घरातली उधारी ताडून पाहता येते. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत ठरावीक लोकसंख्येच्या वरच्या गावांना आधी रस्ते मिळाले. त्या रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची गावे संशोधकांनी ताडून पाहिली. रस्त्यामुळे माणसे शेतीतून बाहेर पडून इतर कामांना लागली, पण गावातले उत्पन्न आणि मालमत्ता फारशी वाढलेली दिसली नाही. म्हणून रस्ते करू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण रस्ता झाला की समृद्धी आपोआप येईल, हे गृहीत धरणे थांबते, आणि रस्त्याबरोबर आणखी काय द्यावे याचा विचार सुरू होतो.

आता नेमकी विनंती. सुरुवात एकाच कामापासून करा, आणि ते कातकरी मुलांचे असावे. कातकरी ही केंद्र सरकारच्या यादीतली विशेष असुरक्षित आदिवासी जमात आहे. अशा जमातींसाठी केंद्राचे पीएम-जनमन अभियान नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झाले, तेव्हा घरे आणि रस्ते यांचा विचार झाला. स्थलांतराच्या काळातल्या मुलांच्या आहाराचा प्रश्न अजून उभा आहे. वीटभट्टीवर फिरती अंगणवाडी न्यावी, असा एक उपाय सुचतो. उपयोग होईल असे वाटते, पण वाटणे पुरेसे नाही. म्हणून असे करावे.

दिवाळीआधी प्रत्येक कातकरी वाडीवरच्या सहा वर्षांखालील सर्व मुलांची यादी करावी. वजन, उंची, दंडाचा घेर मोजावा, आणि घराने कोणत्या भट्टीची उचल घेतली आहे तेही लिहावे. यादी बंद झाल्यानंतरच जिल्ह्यातल्या भट्ट्यांची सोडत काढावी. आधी काढली, तर कोण कुठे जातो हेच बदलेल. भट्ट्या दोन-चार घेऊन भागणार नाही, वीस-पंचवीस तरी हव्यात, नाहीतर निकाल नशिबाचा ठरेल. निम्म्या भट्ट्यांवर फिरती अंगणवाडी यंदा, उरलेल्यांवर पुढच्या हंगामात. जानेवारीत आणि जूनमध्ये पुन्हा मोजमाप करावे, आणि ते काट्यासमोर आलेल्या मुलांचे नव्हे, तर दिवाळीच्या यादीतल्या प्रत्येक मुलाचे, ते जिथे असेल तिथे. कोणत्याही भट्टीवर तीव्र कुपोषित मूल आढळले, तर सोडत बाजूला ठेवून त्याला लगेच उपचार द्यावेत. कशाला यश म्हणायचे, हे सोडतीच्या आधीच लिहून सूचना फलकावर लावावे, म्हणजे निकाल लागल्यावर कोणाला व्याख्या बदलता येणार नाही. नावीन्यपूर्ण योजना आणि मूल्यमापन यांसाठी जिल्हा वार्षिक योजनेत निधी राखण्याची सोय आहेच. मोजणीसाठी अंगणवाडी सेविका आहेत. मात्र त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामे आहेत, तेव्हा या कामाचा वेगळा मोबदला त्यांना द्यावा. आकडे जुळवायला जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचे संख्याशास्त्राचे विद्यार्थी आनंदाने येतील. मी अलिबागमध्येच हा विषय अनेक वर्षे शिकवला आहे, आणि ही मुले किती कसून काम करतात ते मला ठाऊक आहे.

निकाल शून्य आला तर? तर तोही ग्रामसभेत वाचून दाखवावा. फिरत्या अंगणवाडीने फरक पडला नाही असे कळले, तर पुढच्या वर्षी तोच पैसा हंगामी वसतिगृहाला देता येईल, किंवा भट्टीवर जावेच लागू नये म्हणून वाडीवरच रोजगार हमीची कामे काढायला देता येईल. न चालणाऱ्या उपायावर वर्षानुवर्षे खर्च होत राहणे, हे त्या मुलांचे खरे नुकसान आहे. अपयशाचा अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्यावर ठपका येणार असेल, तर असा अहवाल कोणीच देणार नाही. म्हणून आपण आधीच लेखी आश्वासन द्यावे, की निकाल कसाही आला तरी प्रामाणिक मोजमापाची जबाबदारी पार पाडणाऱ्याला त्याचा त्रास होणार नाही.

आपली बदली कधी ना कधी होईल. हंगाम दोन लागतील, निकाल यायला कदाचित तिसरा. तेव्हा हे काम व्यक्तीवर न ठेवता जिल्हा नियोजन समितीच्या ठरावात बांधून ठेवावे: यादी कोणाकडे राहील, दुसरे मोजमाप कोण करेल, निकाल कोणत्या महिन्यात जाहीर होईल. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा, आणि सोडतीचा दिवस जाहीर करावा. त्या दिवशी आम्ही नागरिक हजर राहू, वाडीवरची माणसेही येतील, आणि चिठ्ठी काढायला त्यांच्यातलेच एखादे मूल पुढे होईल.

आपली विश्वासू,
अलिबागची एक निवृत्त शिक्षिका